भोईरांची चादर

५ जुलै १९९९. काल मागच्या खोलीतल्या मांडण्या रिकाम्या करून फळ्या पुसायचं काम काढलं होतं. पावसाळ्यात आमच्या पेणच्या कारखान्याच्या भिंतींना पाझर फुटतो, आणि फळीला एकदा बुरशी धरली की ती वरच्या गणपतीच्या बुडाला लागते. कामाला असलेली सुगंधा आणि मी एकेक मूर्ती उचलून खाली ठेवत होतो. तिसऱ्या मांडणीवर भोईरांची चादर आहे, मूर्तींची ओल सांगणारी. तिच्यावरची एक चकती काही दिवस पेटत नव्हती. मूर्ती ठणठणीत सुकलेली, नखाने वाजवली तर मडक्यासारखा आवाज, पण दिवा नाही. म्हणून मी रोह्याजवळच्या अष्टमी गावी निरोप धाडला होता, भोईरभाऊंना म्हणावं सवड काढून एकदा येऊन जा.

निरोप घेऊन गेलेला आमचा टेम्पोवाला दुपारी परत आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, भोईर नाय आता. शिमग्यातच गेले."

"शिमग्यात? मग आपल्याला कळवलं कसं नाही?"

"त्यांची बायको म्हणते, कोनाकोनाला कळवनार."

सुगंधाने हातातली मूर्ती सावकाश खाली ठेवली. "बाय गो! त्या चकतीला कळला वाटतं."

"चकतीला काही कळत नाही," मी म्हटलं. "शिमगा होऊन चार महिने झाले. तिची तार सुटली असेल."

तार सुटली म्हणून मला माणूस आठवला, हे काही भूषणावह नाही. पण झालं ते असं.

सदाशिव भोईर माझ्या नवऱ्याचे शाळेतले मित्र. नवरा गेल्यावर कारखाना माझ्या अंगावर पडला, तेव्हा त्यांचे बरेच मित्र बाराव्या दिवशी "काही लागलं तर सांगा" म्हणून गेले ते गेलेच. भोईरांनी तसं काही म्हटलं नाही. ते पुढच्या रविवारी आले, मीटरच्या पेटीचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे असं ठेवलंत तर गणपतीच्या आधी तुमचंच विसर्जन व्हायचं." मग दिवसभर बसून त्यांनी ते सगळं नव्याने बांधून दिलं.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. म्हणजे टाक्यांवरची, पाइपांवरची जी लहान लहान यंत्रं आत किती उष्णता आहे, किती दाब आहे ते सांगतात, ती धडधाकट ठेवायची. माणूस बुटका, खांद्यातून थोडा वाकलेला. सदऱ्याच्या खिशाला लोक पेन लावतात तिथे त्यांचा टेस्टर. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्यामागच्या भिंतीकडे बघायची सवय, जणू तुम्ही काय बोलताय त्यापेक्षा भिंतीतून वायर कुठून गेली आहे ते जास्त महत्त्वाचं. कारखान्यात आले की चपला बाहेर काढून अनवाणी हिंडत. "ओल पायाला आधी कळते," म्हणत. डब्यात सुकट असली की आमच्या उंबऱ्याच्या आत डबा उघडत नसत. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून जेवत, हात धुऊन, चूळ भरून मग आत. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कुठे ते कळलं की अर्धं काम झालं."

एकदा आमच्या साच्याच्या खोलीतले दिवे गेले. पेणचा वायरमन म्हणाला, वायर भिंतीत कुठेतरी तुटली आहे, सगळी भिंत फोडावी लागेल. ऐन हंगाम, भिंतीला लागून साचे रचलेले. भोईर आले, हातात खिशात मावेल एवढा रेडिओ. दोन स्टेशनांच्या मध्ये, जिथे नुसती खरखर लागते तिथे तो लावला आणि भिंतीवरून हळूहळू फिरवत नेला. वायरीत वीज आहे तोवर रेडिओ घूंऽऽ करत होता. एका जागी आवाज पडला. तिथे त्यांनी बोटाने चुन्याची खूण केली. "हितं फोडा. तळहाताएवढं." तेवढंच फोडलं, आणि तिथेच तुटलेली निघाली. वायरमन म्हणाला, "रेडिओवर बातम्यांत सांगितलं काय हो?" भोईर हसले नाहीत. त्यांना विनोद उशिरा कळत. घरी जाताना पुलावर वगैरे हसत असावेत.

चादरीची गोष्ट सुरू झाली ती माझ्या तक्रारीवरून. गणपतीच्या धंद्यात खरी लढाई ओलीशी असते. शाडूची मूर्ती वरून सुकते, आत ओली राहते. तशीच रंगाला घेतली की रंगाला फोड येतात. पावसाळ्यात तर शेगड्या पेटवून, मोठे बल्ब लावून सुकवायचं, आणि तरीही कुठली आतून सुकली हे अंदाजाने. मांडण्या छपरापर्यंत, मागच्या रांगेतल्या मूर्ती दिसतसुद्धा नाहीत. त्यात बाया दिवसभर इकडची मूर्ती उचलून तिकडे ठेवणार, शेगडीजवळ जागा झाली की सरकवणार. मी भोईरांना म्हटलं, "तुमच्या टाक्यांना डोळे आहेत, माझ्या गणपतींना का नाहीत?"

ते भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टाकी जागेवर असते, वहिनी. तुमचे देव फिरतात. प्रत्येकाला वायर बांधली तर हितं मच्छरदाणी व्हईल."

त्यानंतर काही महिने ते त्याच्यामागे होते. कंपनीत एक पावडर यायची, तिला ठिणगीची भीती, म्हणून तिच्या पिशव्या एका काळ्या प्लॅस्टिकच्या. त्या प्लॅस्टिकमधून थोडी थोडी वीज वाहते. टाकाऊ पिशव्या ते विचारून घरी आणत, धुऊन धुऊन अष्टमीच्या घरामागे दोरीवर वाळत घालत. त्यांची बायको वैतागली. मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "रांगेनं काळं लटकवून ठेवलंय. शेजारीण विचारते, कोण गेलं गो तुमच्यात?"

मग एका रविवारी ते चटईसारखी गुंडाळी काखेत मारून आले आणि माझ्या हिशेबाच्या टेबलावर ती पसरली. वर काळं प्लॅस्टिक, खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, कागदासारखा पातळ, आणि मध्ये स्पंज. खिशातून बत्ताशाएवढी लाकडी चकती काढली. तिला खाली दोन पाय, एक आखूड, एक लांब सुईसारखा. वरच्या अंगाला दोन टाचण्या आणि कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा.

"आखूड पाय वरच्या थराला टेकतो, लांब पाय भोसकून खालच्याला. मधी स्पंज, म्हणून दोघांची गाठ पडत नाय. चकतीला वीज मिळाली. वायर नाय, काय नाय. कुठंपण ठेवा."

"शॉक?"

"बॅटरीची वीज हाय. जीभ लावली तरी मरायच्या नाय."

मी ओल्या शाडूचा गोळा टाचण्यांवर बसवला. दिवा लागला. सुक्या मातीचा तुकडा ठेवला, विझला. "ओलीतून वीज जाते, सुक्यातून नाय जात," ते म्हणाले. मग टेबलाच्या कडेला ठेवलेल्या मीटरकडे बोट केलं. मी चकती उपटून दुसरीकडे रोवली, तसा मीटरचा काटा सरकला. काळ्या प्लॅस्टिकमधून वीज जितकी लांबून यावी तितकी ती दमते, त्यावरून चकती कडेपासून किती लांब आहे ते काटा सांगत होता. अनेक चकत्या असल्या तर त्या आळीपाळीने बोलत, शाळेत हजेरी देतात तशा. मी चकती टेबलभर फिरवली आणि काटा माझ्या मागे मागे येत राहिला. मी सहसा कोणाचं तोंडावर कौतुक करत नाही. तेव्हा म्हटलं, "भाऊ, हे चांगलं आहे."

त्यांनी पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याकडे बघितलं. "मी कंपनी सोडतोय, वहिनी," म्हणाले.

कंपनीने त्यांचं खातं आवरायला घेतलं होतं. स्वेच्छानिवृत्ती म्हणायचं, स्वेच्छा कोणाची ते विचारायचं नाही. पन्नाशीला आलेला माणूस, दुसरी कंपनी दारात उभं करणार नव्हती. त्यांचा हिशेब सरळ होता. पेणमध्ये गल्लीगणिक गणपतीचा कारखाना. सगळ्यांना ओलीचं दुखणं. एका हंगामात माझ्याकडे चादर चालवून दाखवायची, पुढच्या हंगामापासून सगळ्यांना बनवून द्यायच्या. अष्टमीच्या घराला लागून पत्र्याची शेडही त्यांनी टाकून घेतली. उरलेलं आयुष्य त्या शेडमध्ये जाईल, असं त्यांनी धरलं होतं.

पुढच्या आषाढात तिसऱ्या मांडणीवर चादर अंथरली. त्या दिवशी भोईरांनी सगळ्या बायांना गोळा करून तासभर समजावलं. दोन थर कसे, मध्ये स्पंज का, लांब पायाला वर नळी का घातली आहे, काटा कसा वाचायचा. सुगंधाने मध्येच विचारलं, "भाऊ, देवाला टाचनी टोचेल ना?" ते गंभीरपणे म्हणाले, "बुडाला टोचते. आणि अजून डोळे आखले नाय, तवर ती माती." हे उत्तर बायांना पटलं. आमच्याकडेही तीच समजूत, डोळ्यांची आखणी होईपर्यंत माती, नंतर देव.

मी नाना ठाकूर आणि आणखी चार कारखानदारांना बघायला यायचा वार दिला. नाना आमच्या धंद्यातले जुने आणि तिखट. ते हो म्हणाले की बाकीचे म्हणतात. भोईरांना हे ठाऊक होतं. त्या आठवड्यात ते रोज पहिल्या गाडीने यायचे. नेमका तीन दिवस आधी त्यांना ताप भरला आणि ते घरी राहिले.

नाना आणि मंडळी आली त्या दुपारी भोईर ताप अंगावर काढून, स्वेटर घालून आले. मी सगळ्यांना रंगाच्या खोलीत नेलं. तिथे त्या मांडणीवरून उतरवून दोनच दिवसांपूर्वी रंगवलेल्या मूर्ती ओळीने मांडल्या होत्या. पिवळ्या पीतांबरांवर, गुलाबी सोंडांवर टपोरे फोड. एकीच्या पोटावरचा रंग तर सालीसारखा सुटून लोंबत होता.

नाना चष्मा पुसून जवळ गेले. "काय हो बाई, तुमच्या बाप्पाला देवी आल्या काय?"

बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "करंट लावून सुकवले ना, म्हणून भाजले असतील."

"पुढल्या वर्षी एमएसईबीचा मीटर लावा देवाला," नाना म्हणाले. "बिल यजमानाच्या नावावर."

भोईर वाकून एकेक मूर्ती बघत होते. मग त्यांनी सुगंधाला विचारलं, आवाज चढवला नाही, "कुठल्या चकत्यांवरच्या घेतल्या रंगाला?"

"दिवा लागलेल्या."

"लागलेल्या? गो, दिवा लागला म्हणजे ओली. विझलेल्या घ्यायच्या होत्या."

सुगंधा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला वाटलं, तिच्यावर आळ येतोय. "अवो भाऊ, ज्या देवाम्होरं दिवा लागलाय त्याला मागं ठेवायचा, नि ज्याचा विझलाय त्याला पुढं घ्यायचा? हे कुठचं शास्त्र? आमी तर दिवा लागला तसा हात जोडून एकेक उचलला."

भोईर खिशातून चकती काढून तिच्याकडे बघत होते. कंपनीत तांबडा दिवा लागला की माणसं धावत सुटतात. तीस वर्षं त्यांनी तेच बघितलं होतं. थर, स्पंज, सुई, काटा, सगळं त्यांनी समजावलं होतं. दिवा लागला म्हणजे काय, एवढं एकच सांगायचं राहिलं, कारण ते सांगायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मी टेबलावर ते बघितलं होतं, पण माझ्याही डोक्यात आलं नाही. देवासमोर रोज दिवा लावणाऱ्या आमच्या बायांनाही ते विचारावंसं वाटलं नाही, कारण त्यांना ते ठाऊकच होतं.

नाना निघताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कंपनीचं कंपनीत बरं, भोईर." वाईट हेतूने म्हणाले नसतील. पण मी भोईरांची शेड बघून आले होते, नाना बघून आले नव्हते.

नंतरचे काही दिवस त्या सगळ्या मूर्ती आम्ही पॉलिश पेपरने घासल्या. ज्या गेल्याच त्या पाण्यात टाकून पुन्हा माती केली. शाडूचं ते एक बरं असतं. भोईर ताप उतरल्यावर रोज येऊन बायांच्या ओळीत घासायला बसायचे. सुगंधा त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी त्यांच्यापुढे सरकवली, तो समेट.

त्याच दुपारी घासता घासता ते थांबले. "वहिनी, समजा चकतीतला दिवाच उडाला. माझ्या रीतीनं काय झालं असतं? दिवा नाय म्हणजे सुकली. ओली मूर्ती रंगाला गेली असती, कोनाला पत्ता नाय. हिच्या रीतीनं काय व्हईल? दिवा नाय म्हणून थांबली असती. नुसती थांबली असती, बिघडलं काय?" मग स्वतःशीच म्हणाले, "कंपनीत पोरांना मीच शिकवायचो हे. बिघाड झाला तरी माणूस वाचेल असं लावा म्हणून."

सुगंधा म्हणाली, "काय बोलतायत ते?"

"तुझं बरोबर होतं म्हणतायत," मी म्हटलं.

"मग ते त्या नानांना सांगा की!"

ते काही त्यांनी सांगितलं नाही. चकत्या घरी नेल्या, आतली जोडणी उलटी केली. सुकलं की दिवा लागेल अशी. त्या हंगामाच्या शेवटापर्यंत आणि त्यानंतर दर हंगामात ती चादर चालली. एका मूर्तीला फोड आला नाही. मी नानांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याकडे चालते ना, मग झालं." बाकीचे नाना काय म्हणतात ते बघत होते. भोईरांना मी म्हटलं, "तुम्ही एकदा जा त्यांच्या कारखान्यात, दाखवा." ते भिंतीकडे बघत म्हणाले, "जाईन." गेले नाहीत. ज्या माणसाने बंद भिंतीतली तुटलेली जागा शोधली, त्याला नानांच्या दारापर्यंतचा रस्ता सापडला नाही. मला त्यांचा राग येई. आता तो येत नाही, एवढंच.

पुढे त्यांनी मंडपवाल्याकडे रोषणाईचं काम धरलं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दोन वर्षांपूर्वी, नवरात्रात. टेम्पोने खांब गावाहून परत येताना रोह्यात एक काम होतं, ते आटोपून अष्टमीच्या पुलाजवळ आले तर देवीच्या मंडपाला लावलेल्या शिडीवर भोईर. माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ जाते. ते एकेक बल्ब बोटांनी चाचपत पुढे सरकत होते. मी टेम्पो थांबवला.

"वहिनी," ते शिडीवरूनच म्हणाले. "चादर चालते?"

"चालते."

"दिवा?"

"सुकलं की लागतो. चुकत नाही."

त्यांनी आणखी दोन बल्ब चाचपले. "आनखी कोनी विचारलं?"

मला खोटं बोलायची सवय नाही. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात गेलेला बल्ब सापडला, त्यांनी तो बदलला आणि पुलाच्या टोकापर्यंत सगळी माळ पेटली. खालची पोरं ओरडली. भोईर माळेकडे बघत नव्हते. जळका बल्ब कानाशी धरून आतली तार वाजते का ते ऐकत होते. मागचा ट्रक हॉर्न मारायला लागला म्हणून मी निघाले.

तो एक "नाही" मला पुढे पुष्कळदा आठवला. शब्द खरा होता. पण त्याच्यापुढे आणखी काही बोलता आलं असतं.

काल फळ्या पुसून झाल्यावर मी ती बंद चकती हातात घेऊन बसले होते. दिवाच गेला होता तिचा. त्यामुळे झालं एवढंच होतं की एक सुकलेली मूर्ती थोडे दिवस उगीच थांबली होती. ते म्हणाले होते तसंच.

आज सकाळी मी टेम्पो काढायला लावला आणि अष्टमीला गेले. भोईरवहिनींपाशी बसले. शेडच्या माळ्यावर गुंडाळलेल्या चादरी तशाच होत्या, आणि सुकलं की पेटणाऱ्या चकत्यांचे डबे. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा गो सगळं. मला ते काळं बघवत नाय." मी सगळं टेम्पोत भरलं आणि पेणला आल्यावर घरी न जाता नानांच्या कारखान्यासमोर उतरले. नाना ओट्यावर होते. यंदा त्यांच्याकडे फोडांनी पुढची सगळी रांग गेली आहे, हे आख्ख्या पेणला ठाऊक होतं. मी त्यांना न विचारता आत गेले, त्यांच्या माणसांना एक मांडणी रिकामी करायला सांगितली, चादर अंथरली, चकत्या रोवल्या, एकेक मूर्ती वर बसवली आणि बॅटरी जोडली.

नाना मागे येऊन उभे राहिले. "आता हे कसं चालतं ते सांगणार असाल," म्हणाले.

"दिवा लागला की रंगाला घ्या."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं, आणि दुसरी मांडणी रिकामी करायला घेतली.